धावणाऱ्यांचा खुराक

पैलवानाचा खुराक हा कोल्हापुरात कोणाच्या घरचा खासगी मामला कधीच नव्हता. राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला राजाश्रय दिला, पेठापेठांतल्या तालमींना हात दिला, १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिल्यावर त्या धर्तीवर खासबागेचे मैदान उभारण्याचे मनात घेतले आणि पुढे दहा वर्षांत ते तडीस नेले. तेव्हापासून या नगरीत अशी समजूत दृढ होऊन बसली आहे की, जो अंगमेहनत करतो त्याच्या पोटाची चिंता त्याच्या वस्तादाने, त्याच्या पेठेने आणि प्रसंगी दरबारानेही वाहिली पाहिजे. गंगावेशीच्या कट्ट्यावर आजही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसाळ दूध पेल्यात ओतले जाते, आणि तालमीतला जाणता वस्ताद नव्या पोराचे जोर नि बैठका वाढवतो तेव्हा त्याच्या दुधाचे, तुपाचे आणि थंडाईतल्या बदामांचे मापही वाढवून देतो. मेहनत चढली की खुराक चढला पाहिजे, हे ज्ञान त्याला कोणत्याही ग्रंथावरून घ्यावे लागलेले नाही.

परंतु याच शहरात रंकाळ्याच्या काठाने, विद्यापीठाच्या आवारातून आणि पन्हाळ्याच्या घाटातून पहाटे जी मुले-मुली मैलोगणती धावताना दिसतात, त्यांच्या खुराकाचा विचार कोण करतो, असा प्रश्न केला तर उत्तर समाधानकारक मिळत नाही. पैलवानाचे शरीर भरलेले हवे, म्हणून त्याचे खाणे उघडपणे आणि कौतुकाने होते; धावणाऱ्याचे शरीर सडसडीत हवे, म्हणून त्याचे कमी खाणे हाही साधनेचाच भाग मानला जातो, आणि धावणारी जर मुलगी असेल तर तिच्या ताटातली तूट घरातल्या कोणाच्या ध्यानातही येत नाही. ही तूट कोठे वसूल होते, हा या लेखाचा विषय आहे. कारण गेल्या चाळीस वर्षांच्या शास्त्रीय शोधांनी असे दाखवून दिले आहे की, ती वजनातून वसूल होतेच असे नाही, ती हाडांतून आणि मासिक धर्मातून वसूल होते.

अन्नातील ऊर्जा मोजण्याचे जे परिमाण आज सर्वतोमुखी झाले आहे, त्या उष्मांकांचा व्यावहारिक पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने घातला. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ वा प्रथिन यांपासून सुमारे चार, आणि एक ग्रॅम स्निग्धापासून सुमारे नऊ उष्मांक, हे त्याचे प्रमाण आजही प्रमाण मानले जाते. खर्चाच्या बाजूला धावण्याचा हिशेब आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे: सपाट जमिनीवर एक किलोमीटर धावण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे ढोबळ मानाने एक उष्मांक लागतो, आणि वेग कमी असो वा अधिक, त्यात फारसा फरक पडत नाही.

या हिशेबाने एक जुने उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने आणि दोराबजी टाटांच्या साहाय्याने जो पहिला हिंदी संघ गेला, त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले हा तरुण मॅरेथॉन धावला आणि दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावा आला. त्या वर्षीचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरचा होता. पंचावन्न किलो वजनाचा धावपटू एवढे अंतर धावला तर त्याचे सुमारे २३५० उष्मांक त्या तीन तासांतच खर्ची पडतात. उलटपक्षी, यकृतात आणि स्नायूंत मिळून साठवलेली शर्करा, जी मधुजन या रूपाने असते, ती साधारण पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार उष्मांकांची असते. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास धावपटूचे पाय एकाएकी जड होतात याचे कारण या दोन आकड्यांच्या वजाबाकीत आहे. चरबीचा साठा कितीही असला तरी ती मंद गतीने जळते. म्हणून आज लांब शर्यतीत दर तासाला साठ ग्रॅमपर्यंत, आणि दोन भिन्न जातींच्या शर्करा एकत्र घेतल्यास नव्वद ग्रॅमपर्यंत, पिष्टमय आहार देण्याची रीत आहे.

एका दिवसाच्या शर्यतीचे गणित असे सुटते. खरा पेच रोजच्या जीवनाचा आहे. माणूस आपल्या घरी, आपल्या व्यवहारात वावरत असता त्याचा एकंदर खर्च मोजावा कसा? यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यात एक अत्यंत कल्पक युक्ती निघाली आणि १९८० नंतर ती माणसांवर वापरात आली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे जड परंतु निरुपद्रवी प्रकार ज्यात आहेत असे पाणी माणसाला पाजतात. जड हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्याच्या वाटेने बाहेर पडतो; जड ऑक्सिजन मात्र पाण्याबरोबर आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडबरोबर, अशा दोन वाटांनी जातो. पुढील एक-दोन आठवड्यांतील लघवीच्या नमुन्यांवरून दोहोंच्या घटीतला फरक काढला म्हणजे किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, आणि त्यावरून किती ऊर्जा जळली, ते निघते. माणसाच्या सांगण्यावर विसंबण्याची गरज उरत नाही, हा या रीतीचा मोठा गुण.

या रीतीने डच संशोधकांनी फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतीतील स्पर्धक मोजले तेव्हा त्यांचा दैनिक खर्च विश्रांत अवस्थेतील खर्चाच्या चार ते पाच पट भरला. १९९२-९३ साली रॅनल्फ फाइन्स आणि माइक स्ट्राउड हे दोन इंग्रज साहसी पुरुष स्वतः घसरगाड्या ओढीत अंटार्क्टिकावरून चालत गेले. रोज पाच हजारांच्या घरात उष्मांक पोटात जात असूनही दोघांचे वजन वीस किलोंहून अधिक घटले. आणि २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, आठवड्याला सहा मॅरेथॉन या हिशेबाने, वीस आठवडे धावणाऱ्या मंडळींचा अभ्यास झाला, त्यात एक विलक्षण गोष्ट आढळली: धावणे तेवढेच राहिले, पण अखेरच्या आठवड्यांत त्यांचा एकूण दैनिक खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे सहाशे उष्मांकांनी उतरला होता. धावण्याचा भाग कमी झाला नव्हता, म्हणजे शरीराने कपात अन्यत्र केली होती. महिनोन्महिने टिकणारी मर्यादा विश्रांत खर्चाच्या अडीच पटीच्या आसपास आहे, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

ही कपात कोठे होते, हे स्त्री धावपटूंनी शास्त्राला शिकविले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत काही कसलेल्या धावपटू स्त्रियांचा खर्च वरील रीतीने मोजला तो दिवसाला सुमारे तीन हजार उष्मांक निघाला. त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवलेले खाणे मात्र दोन हजारांचेच होते, आणि तरीही त्यांचे वजन स्थिर होते. खाल्लेले सगळे लिहिले जात नाही, हे या तफावतीचे एक कारण खचितच आहे. स्त्री-पुरुष दोघेही खाणे कमी लिहितात, आणि ज्याला आपल्या वजनाची काळजी अधिक तो अधिक कमी लिहितो. पण तेवढ्याने सारे उलगडत नाही. एखाद्या संस्थानात अवर्षण पडले म्हणजे खजिन्यातून फौजेचा पगार आणि किल्ल्याची डागडुजी यांना पैसा पुरतो, पण नवे रस्ते, नव्या शाळा आणि तळ्यांचे बांधकाम बेमुदत तहकूब होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला राज्य सुरळीत चालल्याचे दिसते. शरीरही तसेच वागते. हृदय, मेंदू आणि धावणारे पाय यांचा वाटा आधी दिला जातो. शरीराची ऊब, हाडांची बांधणी, रोगप्रतिकार आणि प्रजनन यांना मिळते ते उरलेले.

अमेरिकेतील ॲन लाउक्स या विदुषीने या उरलेल्या भागालाच मोजण्याचे परिमाण केले. दिवसभरात खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामात जळलेले वजा करावयाचे आणि बाकीला शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागावयाचे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिने नियमित पाळी असलेल्या निरोगी तरुणींना पाच दिवस वेगवेगळ्या प्रमाणांत ऊर्जा दिली. हा भागाकार पंचेचाळीसच्या आसपास असता सर्व ठीक होते. तो तिसाच्या खाली गेला तेव्हा पीयूषिका ग्रंथीतून ठरावीक लयीने सुटणारे, बीजकोशाला चालना देणारे संप्रेरक विस्कळीत होऊ लागले. केवळ पाच दिवसांत! तत्पूर्वीच्या तिच्याच प्रयोगांनी हेही सिद्ध केले होते की, दोष व्यायामाच्या श्रमाचा नाही; श्रमाइतके अन्न दिले तर ती लय अबाधित राहते. धावण्याने मुलींचे वाटोळे होते असे जे वडीलधारे सांगत आले, त्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही.

आता हेच परिमाण आपल्याकडच्या एका मुलीला लावून पाहू. समजा तिचे वजन ५० किलो आहे आणि त्यात चरबी एक-पंचमांश. म्हणजे चरबीविरहित वजन ४० किलो. सकाळी ती १५ किलोमीटर धावते, त्यात ७५० उष्मांक जातात. दिवसभरात ती २१०० खाते, जे आपल्या घरांतून मुलीच्या मानाने भरपूरच समजले जाईल. बाकी उरली १३५०; भागाकार ३४. ती काठावर आहे. स्पर्धा जवळ आली, कोणी तरी ‘जरा वजन उतरव’ म्हणाले, आणि रात्रीच्या जेवणातली भाकरी तिने सोडली. खाणे १८०० वर आले की भागाकार २६ होतो. ताट जवळजवळ तेवढेच दिसते, वजन फारसे हलत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत पाळी चुकते.

येथे आपल्या समाजातील एका घातक गैरसमजाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पाळी थांबली की खेळणाऱ्या मुलीला, आणि पुष्कळदा तिच्या प्रशिक्षकालाही, सुटका झाल्यासारखे वाटते. कसरतीचे फळ म्हणून या थांबण्याकडे पाहिले जाते. वस्तुतः स्त्री-बीजकोशातून येणारे इस्ट्रोजेन हे हाडांचे रक्षक आहे, आणि पाळी अशी थांबते तेव्हा तेच घटलेले असते. १९८४ साली बार्बरा ड्रिंकवॉटर आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाळी बंद झालेल्या तरुण धावपटूंच्या कण्याची घनता मोजली, तेव्हा विशी-पंचविशीच्या मुलींची हाडे उतारवयातील स्त्रीच्या हाडांसारखी विरळ आढळली. नडगीच्या वा पावलाच्या हाडाला पडणारी बारीक चीर, जिला आपल्याकडे मुरगळ समजून हळद-लेपावर काढले जाते, तिचे मूळ कित्येकदा ताटातल्या तुटीत असते. १९९२ साली अपुरे पोषण, थांबलेली पाळी आणि विरळ हाडे या तीन लक्षणांना स्त्री-क्रीडापटूंचे त्रिक असे नाव मिळाले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याची व्याप्ती वाढवून, पुरुषांनाही त्यात घेऊन, सापेक्ष ऊर्जा-न्यूनता असे व्यापक नाव दिले आणि २०२३ साली त्याची निदानाची चौकट नव्याने मांडली.

पुरुष या नियमातून सुटलेला नाही. ६० किलोचा, दहा टक्के चरबीचा तरुण तेवढेच १५ किलोमीटर धावून ३००० उष्मांक खातो, तेव्हा त्याचा भागाकार ३९ च्या आसपास येतो. त्याच्या पानात कोणी वाढायला संकोचत नाही, म्हणून तो बहुधा निभावतो. त्याची शरीररचनाही काहीशी सोशीक आहे: चार दिवस त्याचा भागाकार अवघ्या पंधरावर ठेवला तेव्हा भूक आणि साठा यांची वार्ता मेंदूला देणारी संप्रेरके घसरली, पण पुरुषत्वाचे संप्रेरक फारसे ढळले नाही. मात्र महिनोन्महिने तूट राहिली की तेही उतरते, कामेच्छा मंदावते, जखमा रेंगाळतात, हाडे विरळ होतात. स्त्रीला दरमहा एक उघड सूचना तरी मिळते. पुरुषाला ती नाही, म्हणून त्याचा रोग उशिरा कळतो. स्त्रीच्या देहाची ही तत्परता दुर्बलता नव्हे. एका गर्भारपणाला एकूण सत्तर-ऐंशी हजार उष्मांक लागतात आणि त्यानंतर अंगावर पाजण्याचा रोजचा भार असतो. एवढ्या मोठ्या खर्चाला मंजुरी देण्याआधी शरीराने शिलकीची कसून तपासणी करावी हे स्वाभाविकच आहे. शिवाय सारख्याच तीव्रतेच्या श्रमात स्त्री पुरुषापेक्षा चरबीचा अंश अधिक जाळते आणि मधुजन राखून ठेवते, हा दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात तिचा एक गुणच आहे.

या साऱ्याचा शोध इतक्या उशिरा का लागला, याचे उत्तर क्रीडेच्या इतिहासात आहे. १९२८ साली स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये झाली आणि ती त्यांना झेपत नाही असे ठरवून १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. त्यांची मॅरेथॉन १९८४ साली आली आणि तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत तर थेट २००८ साली. त्याच अडथळ्यांच्या शर्यतीत २०१६ साली रिओमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली. धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत भारतीय स्त्री पोचली ती पी. टी. उषेनंतर बत्तीस वर्षांनी. माण-खटाव, नाशिकचे आदिवासी पाडे, बीडचा कोरडवाहू मुलूख, येथूनच आपले लांब पल्ल्याचे धावपटू येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे खुराकाचा प्रश्न किती निकडीचा आहे हे कळून येईल. आणि कोल्हापूरच्या उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालवून, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणारी स्त्री हीदेखील दीर्घश्रमच करीत असते. तिच्या श्रमाला कोणी क्रीडा म्हणत नाही आणि तिच्या बाकीचा भागाकार तर कोणीच काढलेला नाही.

तूट पडते ती दर वेळी दारिद्र्यानेच पडते असे नाही. कष्टाच्या धावण्यानंतर काही वेळ भूकच मरते. भूक हा धावपटूचा भरवशाचा कारकून नव्हे. दुसरे कारण आपल्या आहाराच्या घडणीत आहे. रोज तास-दीड तास धावणाऱ्या ५० किलोच्या मुलीला दिवसाला निदान तीनशे ग्रॅम पिष्टमय पदार्थ हवेत. साठ ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ते चाळीस ग्रॅमच्या आसपास असतात; म्हणजे नुसत्या भाकरीवर भागवायचे तर सात-आठ भाकरी झाल्या, आणि तिच्यातील चोथ्याने पोट त्याच्या निम्म्यातच भरून येते. ज्वारीचा यात काही अपराध नाही. बसून काम करणाऱ्याला ती अमृत आहे. धावणाऱ्याने तिच्या जोडीला भात, पोहे, केळी, गूळ यांसारखे हलके आणि लवकर अंगी लागणारे पदार्थ घेतले पाहिजेत. तिसरे कारण घराघरांतले आहे: सगळ्यांची पाने उठल्यावर उरलेल्यात भागवण्याचे वळण मुली आईकडे पाहून शिकतात. देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. रक्तातील लोह कमी असता प्राणवायू स्नायूंपर्यंत पुरेसा पोचत नाही आणि धावणे आपोआपच उणे होते.

वर वर्णिलेल्या मुलीला २१०० वरून २५५० वर, म्हणजे पंचेचाळीसच्या सुरक्षित भागाकारावर आणावयाचे, तर लागते किती? मूठभर, तीस ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १६० उष्मांक. पंचवीस ग्रॅमचा गुळाचा खडा, ९५. पाव लिटर म्हशीचे दूध, २७०. साडेचारशेची तूट भरून वर काही उरते. ज्या जिल्ह्याच्या गुळाला देशभर नाव आहे आणि जेथे दुधाला तोटा नाही, तेथे विलायती भुकटीच्या डब्यांवाचून हे साधणार नाही, असे मला वाटत नाही. मात्र हे खाणे वेळेवर व्हावयास हवे. पहाटे रिकाम्या पोटी धावून, थेट शाळा-कॉलेज गाठून, दुपारी दोनला पहिला घास घेणाऱ्या मुलीचे दिवसाचे एकूण माप बरोबर आले तरी मधले तास तुटीचेच जातात, आणि त्या तासांचाही संप्रेरकांवर परिणाम होतो असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते. धावण्यापूर्वी एखादे केळे आणि धावून येताच अर्ध्या तासात दूध-गूळ, एवढी शिस्त बहुतेक घरांना परवडेल.

तालमीतल्या वस्तादाने जे पैलवानासाठी केले, तेच धावपट्टीवरच्या प्रशिक्षकाने करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो मुलीच्या प्रत्येक फेरीचे सेकंद वहीत टिपतो. त्याच वहीत तिने काय खाल्ले आणि पाळीची तारीख कोणती, हे तिने स्वतः, किंवा तिच्या आईने वा एखाद्या प्रशिक्षिकेने टिपावे अशी व्यवस्था त्याने लावून द्यावी, आणि त्यात लाज मानण्याचे कारण नाही हे तिला सांगावे. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, वा वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरकडे जावे. हाडाच्या एकाच जागी बोट ठेवता दुखत असेल तर धावणे थांबवून क्ष-किरण चित्र काढून घ्यावे, आणि ते स्वच्छ निघाले तरी दुखणे टिकल्यास पुन्हा तपासावे, कारण अशी चीर आरंभी क्ष-किरणांत दिसत नाही. खाणे वाढले की पाळी बहुधा काही महिन्यांत परत येते. हाडांना मात्र वर्षे लागतात, आणि गेलेली घनता पुरती भरून येईलच असे नाही. आयुष्यभराच्या अस्थींचा बहुतेक साठा विशीच्या आतबाहेरच गोळा होत असल्याने, ही विचारपूस मुलगी तेरा-चौदा वर्षांची असताना, ती पहिल्यांदा मैदानावर येते त्याच वर्षी सुरू झाली पाहिजे.